दोर तुमचा, झाड माझं

दिओनिसियाबाईंनी त्या सकाळी जावयाच्या बोटीत पाय ठेवला आणि रुतिलियोनं उचललेला पेट्रोलचा डबा पुन्हा खाली ठेवला.

बाई टुरिस्टांच्या बोटीत कधी म्हणून बसायच्या नाहीत. ‘अर्ध्या कपड्यांतली माणसं आणि त्यांच्या त्या तेलांचा वास, नको गं बाई,’ हे त्यांचं ठरलेलं. आणि आज डोक्याला लाल रुमाल, अंगात सणासुदीची मोला, म्हणजे कापडावर कापड शिवून नक्षी केलेली चोळी, नाकातली सोन्याची रिंग घासूनपुसून लखलखीत, आणि काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं.

"सासूबाई, कुठे निघालात?"

"फिरायला. सगळं जग येतं आमची बेटं बघायला, मीच तेवढी राहिले. का? माझ्याकडून तिकीट घेणार आहात, जावईबापू?"

जावईबापू! एरवी ‘ए रुतिलियो’, फार लाडात आल्या तर ‘ए खादाडा’. बाईंनी अहोजाहो सुरू केलं की समजावं, आज कुणाची तरी खैर नाही. पण विचारायची सोय होती का? लग्न झालं तसा तो आमच्याकडच्या सगळ्या जावयांसारखा सासरी राहायला आला, सासूच्या छपराखाली, सासूच्या चुलीवरचं खात. बोट सासऱ्यांची, प्रवासी शहरातल्या एजन्सीचे, आणि त्याचं स्वतःचं काय, तर डोक्यावरची टोपी. त्यानं मुकाट्यानं त्यांना पुढच्या फळीवर बसवलं.

त्या गुंडाळीत काय असेल, हा विचार त्यानं मुद्दामच केला नाही.

भांडण होतं याउकदुपवरून. बेट केवढं, तर ओरडलं की या टोकाचं त्या टोकाला ऐकू जाईल एवढं. त्यावरचे माड दिओनिसियाबाईंच्या आईनं लावलेले, आईकडून लेकीकडे आलेले, आणि पुढे एदिल्माकडे, म्हणजे रुतिलियोच्या बायकोकडे जाणारे. बेटाच्या आडोशाला पाणी शांत, खाली पोवळ्यांचं रान. त्यामुळे दिवसभराच्या फेरीवर निघालेली प्रत्येक बोट तिथं थांबायची. लोक तोंडाला काच लावून तासभर पालथे तरंगायचे, मग बेटावर यायचे आणि बाईंच्या हातचा नारळाच्या दुधातला भात नि तळलेला मासा हाणायचे. वर्षानुवर्षं हे असं चाललेलं.

यंदा एजन्सीनं तिथं तराफा आणून ठेवला. वर छप्पर, खुर्च्या, गाणी, बर्फातल्या बाटल्या. जेवणही तिथंच, डब्यातलं. एका बाजूला समुद्रात साखळीचा नांगर आणि दुसऱ्या बाजूला मनगटाएवढा जाड दोर, तो बाईंच्या माडाला करकचून बांधलेला. आणि बोटवाल्यांना ताकीद: माणसं बेटावर उतरवायची नाहीत.

कुणाच्या परवानगीनं? तर बाईंचा धाकटा भाऊ ओरासियो शहरात राहतो, त्यानं बिअर पिता पिता ‘बांधा की!’ म्हणून टाकलं. बांधा की! जसं काही ह्याच्या बापाचं. बाईंनी सभा बोलवायला लावली. साहिलांनी, म्हणजे गावच्या प्रमुखांनी, सभेतल्या टांगत्या झोळीत पडल्या पडल्या सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: घरातल्या माणसानं शब्द दिलाय, हंगाम संपेपर्यंत तो पाळायचा. दोर एजन्सीचा आहे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही.

सभेत सगळे पुरुष मूग गिळून बसले. त्यांच्यात रुतिलियोही होता. त्यानं काय बोलायचं? एजन्सीनं माणसं द्यायची बंद केली तर बोट नुसती किनाऱ्यावर वाळत पडेल. बाईंनी सभेतून उठताना त्याच्याकडे एकदा बघितलं. तेव्हापासून घरात त्याला मासा मिळत होता तो शेपटीकडचा.

तर अशी ती बोट निघाली. पहिला थांबा वाळूच्या उथळ पट्टीवर. समुद्राच्या मधोमध गुडघाभर पाणी, तळाशी तारामासे. एका गोऱ्या मुलीनं फोटोसाठी एक तारामासा उचलून डोक्यावर धरला.

"तिला म्हणावं खाली ठेव," बाई बोटीतूनच गरजल्या. "तुला कुणी असं पाण्याखाली बुडवून धरलं तर चालेल का, विचार तिला!"

रुतिलियोनं स्पॅनिशमध्ये सांगितलं, "सासूबाई म्हणतात, कृपा करून ठेवा."

"मी कृपा करून म्हटलं नव्हतं."

पुढचा थांबा बुडालेल्या जहाजापाशी. लोक उड्या मारत होते, किंचाळत होते, नळीत पाणी गेलं म्हणून ठसकत होते. बाई ताठ बसून होत्या. चिलीहून आलेली एक पिकल्या केसांची बाई, मार्गारिता, पाण्यातून लवकर वर आली नि त्यांच्या शेजारी बसली. बाईंच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये दोघींची गट्टी जमली. मार्गारितानं बिस्किटं काढली, बाईंनी भाजलेलं केळं काढलं. रुतिलियोला जरा हायसं वाटलं. म्हातारीला खरंच फिरायचंच असेल, त्यानं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावतो.

याउकदुपला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. तराफ्यावर गाणी दणदणत होती. एजन्सीचा माणूस गार्सेस कठड्याशी हात हलवत उभा. पलीकडे बेटावर एदिल्मानं चूल पेटवलेली होती. कुणी उतरो न उतरो, दिओनिसियाबाई रोज भात शिजवायला लावत, आणि रोज तो भात गावातली पोरं नि कुत्री संपवत.

लोकांनी पाण्यात उड्या मारल्या. बाईंनी मार्गारिताची काच मागून घेतली, रुमालासकट डोळ्यांवर चढवली आणि बोटीच्या काठावरून वाकून तोंड पाण्यात घातलं. लहानपणी त्या इथंच बुड्या मारून शंख काढायच्या. बराच वेळ त्या तशाच ओणव्या राहिल्या. रुतिलियोनं त्यांची मोला पाठीकडून धरून ठेवली, पडल्या तर काय घ्या. खाली काय दिसत होतं ते त्याला ठाऊक होतं. वारा आला की तराफा हलायचा, साखळी घासायची, आणि जिथवर साखळी पोचत होती तिथवर पोवळ्यांचा पांढरा चुरा झाला होता. तो रोज बघत होता आणि रोज गप्प बसत होता.

बाई वर आल्या. काच परत केली. गुंडाळी काखेत मारली आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत किनाऱ्याला गेल्या. तिथं चादर सोडली.

कुऱ्हाड.

पहिला घाव बसला तसा गार्सेस गाण्यांवरून ओरडला, "ए बाई! दोराला हात लावायचा नाही! तुमच्याच सभेत ठरलंय!"

"मग लावलाय का हात? डोळे फुटलेत का तुझे?" बाईंनी दोराच्या हातभर खाली दुसरा घाव घातला. "दोर तुमचा, झाड माझं. माझ्या झाडाचं मी काय वाटेल ते करीन."

गार्सेस बघतच राहिला. खरं सांगायचं तर रुतिलियोही. माड तोडायचा? आमच्याकडे पडलेला नारळसुद्धा ज्याचा त्यानं उचलायचा, आणि ही बाई आईच्या हातचा उभा माड तोडतेय!

"जा, जाऊन कुऱ्हाड काढून घे!" गार्सेस त्याच्यावर खेकसला. "तुझी सासू ना ती?"

"सासू आहे म्हणूनच जात नाही," रुतिलियो म्हणाला. "आणि माझी माणसं पाण्यात आहेत. आधी ती."

माड दोराच्या ओढीनं समुद्राकडेच पडणार होता. त्यानं शिट्ट्या मारून, हाका मारून एकेकाला वर ओढलं आणि बोट लांब नेली. तिथून सगळे बघत बसले. माडाचं लाकूड वरून लोखंडासारखं असतं. बाई घाव घालायच्या, थांबायच्या, धापा टाकायच्या, हातावर थुंकायच्या, पुन्हा घाव. एदिल्मा चुलीशी उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. तिचं ते बघणं त्याला कुऱ्हाडीपेक्षा जास्त लागत होतं.

शेवटी माड करकरला. बाई मागे सरल्या. शेंडा आधी हळू, मग एकदम खाली आला आणि धपकन पाण्यात आपटला. दोराचा फास खोडावरून सरकत सरकत कापल्या टोकाशी आला आणि निसटला. बाईंचं बोटही त्याला लागलं नाही.

वाऱ्यानं तराफा गर्रकन फिरवला आणि शेजारच्या वाळूवर नेऊन तिरपा टेकवला. खुर्च्या एकामागून एक पाण्यात. गाणं मात्र चालूच! बोटीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मार्गारिताच होती ती.

रुतिलियोनं बोट पुन्हा किनाऱ्याजवळ आणली. गार्सेस मांडीएवढ्या पाण्यातून दोराचं टोक ओढत आला आणि ते त्यानं रुतिलियोच्या हातात कोंबलं.

"बांध. त्या पुढच्या माडाला बांध, आत्ता! नाहीतर उद्यापासून एक माणूस तुझ्या बोटीत बसणार नाही. सांगून ठेवतो."

रुतिलियो दोर घेऊन पाण्यात उतरला. घाबरला होता, खोटं कशाला सांगू? उद्या पेट्रोल कुठून आणायचं, पोरांच्या शाळेचं काय, बोटीचं काय, सगळं एकदम डोक्यात आलं. तो किनाऱ्याला पोचला तेव्हा बाई पुढच्या माडापाशी जाऊन उभ्या होत्या. तळहातांची सालटी निघाली होती.

"बांध," त्या म्हणाल्या. "लाजू नको, बांध. तू बांध, मी तोडते. बघू आधी काय संपतं, यांचे दोर का माझे माड."

आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. "आईनं लावलेला होता रे तो," त्या म्हणाल्या, "माझ्या आईनं," आणि गाल ओले झाले. मयताच्या वेळी त्या गाऊन रडायच्या ते रुतिलियोनं ऐकलं होतं. हे तसलं नव्हतं. त्या रागानं रडत होत्या, आणि रडता रडता कुऱ्हाड उचलत होत्या.

रुतिलियोला स्वतःची अशी लाज वाटली, की सभेत का नाही तोंड उघडलं म्हणून थोबाडीत मारून घ्यावी. तो वळला. दोर वाळूत टाकला नाही. पाण्यातून परत गार्सेसपर्यंत गेला आणि नीट त्याच्या हातात दिला.

"धरा. तुमचा आहे."

"पस्तावशील."

"तो माझा प्रश्न." मग तो बोटीकडे बघून ओरडला, इतका मोठ्यानं की त्याचा त्यालाच आवाज अनोळखी वाटला. "उतरा सगळे! जेवण बेटावर! भात गरम आहे!"

माणसं धडाधड पाण्यात उतरली. कुणी चपला हातात घेतलेल्या, कुणी पायात बेडकासारखे पंखे तसेच. रुतिलियो सासूपाशी गेला.

"कुऱ्हाड द्या, सासूबाई. आता मी बघतो."

"झाड माझं आहे. तू शेंडा ओढ वर, रिकामा उभा राहू नको. मेलेला माड वाया घालवायचा नाही."

त्यानं नि एदिल्मानं मिळून शेंडा वाळूवर ओढला. बाईंनी झावळ्या छाटल्या, एकेक पापुद्रा सोलत आत गेल्या, आणि हाताएवढा पांढराशुभ्र गाभा बाहेर काढला. माणसं भात विसरून भोवती उभी राहिली. बाईंनी सुरीनं त्याचे काप केले. पहिला काप घेऊन त्या थेट पाण्यात गेल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या गार्सेसपाशी.

"खा," त्या त्याच्याच भाषेत म्हणाल्या. "असं गोड दुसरं काही नाही. पण माड मारल्याशिवाय मिळत नाही. म्हणून आम्ही कधी खात नाही."

गार्सेसनं हात पुढे केला नाही.

"नको? बरं. उद्या या दोर घेऊन. पुढच्या माडाचाही पहिला घास तुम्हालाच. परवा या. रोज या. माड पुष्कळ आहेत."

त्यांनी तो काप मागोमाग पाण्यात आलेल्या जावयाच्या हातात ठेवला. रुतिलियोनं तो गार्सेसच्या डोळ्यांत बघत तोंडात टाकला.

"या की साहेब," तो घास चावत चावत म्हणाला. "मीच घेऊन येईन. उद्यापासून माझी बोट मोकळीच आहे."