पलीकडची बेल

मित्रांनो, मी पलंगाशेजारच्या भिंतीवरचे एक जुने बटण आहे. आणि आधीच सांगून टाकतो, स्वभावाने मी अगदी भित्रा आहे. ज्याला आपल्या कामाचा आवाज कधी ऐकूच येत नाही, तो भित्रा नाही होणार तर काय होणार?

कारखान्यात एका छोट्या स्प्रिंगवर पांढरी टोपी बसवून मला घडवले. तपासणाऱ्या बाईने मला एकदा दाबले, टेबलावरची बेल वाजली आणि तिने मला खोक्यात टाकले. मी ऐकलेली ती पहिली आणि शेवटची बेल. पुढे या घरात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या उशाशी माझी नेमणूक झाली; जन्मभर घड्याळे दुरुस्त केली म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. पायांनी त्यांची साथ सोडली होती आणि छाती केव्हा दगा देईल याचा नेम नव्हता. बेल मात्र लागली पॅसेजच्या पार टोकाला, शिवणाच्या खोलीत. तिथे त्यांची लेक दिवसभर मशीनवर कपडे शिवत बसायची.

त्यामुळे माझा सगळा भरवसा त्या मशीनच्या घरघरीवर. घड्याळजींनी मला दाबले की मी कान टवकारायचो. घरघर थांबली, म्हणजे बेल वाजली असणार. मग लेकीची पावले, मग "काय हवंय बाबा?", आणि तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडायचा. कधी ती लगेच यायची, कधी जरा वेळाने. तो जरासा वेळ मला खायला उठायचा. वायर तुटली तर? बेल मुकी झाली तर?

काळजी करण्यात घड्याळजी म्हणजे माझे थोरले बंधूच. माझ्या वर भिंतीवर लाकडी क्रूस होता. रोज संध्याकाळी लेक उशाशी बसून पवित्र शास्त्र वाचायची आणि दोघे प्रार्थना करायचे. एकदा ती पाणी आणायला गेली, तेव्हा ते क्रूसाकडे बघून पुटपुटले, "इतकी वर्षं हाक मारतोय, प्रभू. तिकडे वाजतंय ना काही?"

मी दचकलो. माझाच प्रश्न त्यांच्या तोंडी!

मग घराला रंग लागला. रंगाऱ्यांनी भिंत ठोकून ठोकून घासली आणि माझ्या टोपीवरही शिंतोडे उडवले. त्यानंतर लेकीचे येणे जरा वेगळेच झाले. घरघर मधूनच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. कधी तर मला हात लागण्याआधीच ती दारात उभी. घड्याळजी खूश व्हायचे, आणि मी मात्र नव्या काळजीत पडायचो, की आता आपली गरज संपत आली की काय.

आणि ती दुपार आली. घड्याळजी झोपेतून दचकून उठले. श्वास घशातच अडकला होता. त्यांनी मला दाबले. मशीन तर आधीपासूनच बंद होती. पाऊल वाजले नाही. त्यांनी पुन्हा दाबले, मग अंगठा माझ्यावर तसाच रोवून ठेवला. बेल वाजत असेल तर तिने घर डोक्यावर घ्यायला हवे होते. पलीकडे चिटपाखरू नव्हते. त्यांचे ओठ काळेनिळे पडू लागले, हात घामाने माझ्यावरून घसरला. मित्रांनो, मी हादरून गेलो होतो. माणूस माझ्या भरवशावर होता आणि मी कुचकामी ठरलो होतो.

तेवढ्यात जिना दणदणला. लेक आणि तिच्यामागे कोपऱ्यावरचे डॉक्टर, दोघेही धापा टाकत आत शिरले. इंजेक्शन झाले, वाफ दिली, हळूहळू छातीचा भाता पुन्हा चालू लागला.

दुसऱ्या दिवशी वायरमनने मला भिंतीतून बाहेर ओढले. "ताई, ही वायर तर आतच तुटलीय. रंगकामात गेली असणार. बेल तेव्हापासून बंदच असेल!"

"माहितीय मला. तेव्हापासूनच बोलावतेय तुम्हाला," लेक म्हणाली. "आज येतो, उद्या येतो, हेच चाललं होतं तुमचं."

घड्याळजी उशीवरून तिच्याकडे बघतच राहिले. "तेव्हापासून? मग तू यायचीस कशी?"

"मशीन थांबवून ऐकायचे, बाबा. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही डोळ्याला डोळा लावला नसता. काल झोपेत तुमचा श्वास वेगळाच लागत होता, म्हणून डॉक्टरांकडे पळाले."

म्हणजे ते मला दाबत होते, तेव्हा ती निम्म्या वाटेवर होती!

"मग हे बटण काढूनच टाकू का?" वायरमनने विचारले.

"छे, छे, जोडा ते," घड्याळजी म्हणाले. "ती ऐकतेच हो. पण हाक मारायची माझी सवय जायला नको."

त्या संध्याकाळी त्यांची प्रार्थना अगदी छोटी होती. "प्रभू, मला वाटायचं, मी हाक मारली म्हणून तू येतोस. तू तर त्याआधीच निघालेला असतोस." लेकीने त्यांचा हात धरला आणि आमेन म्हटले.

मित्रांनो, माझी वायर आता धड आहे. भीती मात्र गेलेली नाही. अजूनही कुणी मला दाबले की धस्स होते, पण आता त्या शांततेत मला लेकीची जिन्यावरची धावपळ आठवते. तुम्हाला एकच विनवणी. घरात कुणी अंथरुणाला खिळले असेल, तर बेल जरूर लावा, पण तिच्यावर विसंबून बसू नका. आपापली मशीन मधेच थांबवा आणि जरा कान द्या. भिंतीच्या अलीकडे कुणीतरी ती थांबण्याची वाट बघत असते.