जामचं फिनलंड

आमच्या मास्तरले सगळ्याची घाई. देवळीच्या शाळेतून रिटायर झाले, तरी गावभर अण्णाजी मास्तरच. लेक निशांत फिनलंडले, एका लहानशा गावात राह्यते. त्याच्याकडं महिनाभर जायचं ठरलं, तं व्हिसा हाती यायच्या आधीच यायनं साऱ्या देवळीले सांगतलं. शाळेनं सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला, भाषण झालं. तिसऱ्या दिवशी व्हिसा नामंजूर. आता तोंड कसं दाखवावं? ठरल्या तारखेले बॅगा घेऊन निघालो अन् जाम गावाले नणंदेच्या, भागीरथाबाईच्या मागच्या खोलीत येऊन बसलो. महिना इथंच काढायचा म्हणे.

खिडकी बंद. समोर हायवे, देवळीचं कोणी उतरलं तं? मी वाळू घातलेले कपडे काढाले गच्चीवर गेली तरी मास्तर चिडत. स्वतः मात्र मोबाइलवरून त्या गावातलं सारं वहीत उतरवून राह्यले होते. लाकडाचं जुनं चर्च, झाडातून डांबर काढणाऱ्यायचं म्युझियम, जहाजाच्या कप्तानाचं घर, अन् थे किती वाजता बंद होते थेही. संध्याकाळी माही तोंडी परीक्षा, देवळीत कोणी इचारलं तं चुकाले नको म्हणून. चर्च कोणत्या सालचं? मी म्हटलं, आग लागो त्या चर्चले, मले चार पावलं बाहेर चालू द्या.

बाराव्या दिवशी भावजयीचा, छायाचा फोन आला. माहा लहान भाऊ लहानू समुद्रपूरले राह्यते. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, दवाखान्यानं घरी पाठवलं. जामहून बसनं अर्धा तास. मी उठलीच. मास्तर दारात आडवे झाले. महिना भरू दे, मंग उजागरीनं जाऊ म्हणे, आत्ता गेलो तं इज्जत जाईन. अन् मी येडी थांबली.

लहानू रोज फोनवर इचारे, आज काय पायलं? मी वहीतलं सांगो. कप्तानाच्या घरात निळ्या ताटल्या हायेत, चर्चच्या दाराशी दान टाकाले लाकडाचा भिकारी उभा हाये. त्याले लई आवडे. पण आवाज रोज बारीक होत चालला होता. फोन ठेवला की मी उशीत तोंड खुपसून रडो.

सहाव्या दिवशी तो म्हणाला, "बाई, तू घाई करून येऊ नको. एवढ्या दुरून कुठं येतं? छायाले सांगून ठेवलं मी, मी गेल्यावर बाईसाठी थांबू नको म्हणून."

मी चप्पल घातली. मास्तर म्हणाले, लोक काय म्हणतीन? म्हणू द्या म्हटलं, बाजूले व्हा. अन् झाले की बाजूले! सहा दिवस आधी म्हटलं असतं तरी झाले असते. माहाच राग आला मले.

लहानू खाटेवर होता. मले पाहून हसला, मंग गोंधळला. आत्ता तं फिनलंडहून फोनवर होती मी. त्याचा हात धरून सारं सांगून टाकलं. व्हिसा, जाम, वही, सारं.

मले वाटलं, शिव्या देईन. दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

"इतक्या जवळ होती, बाई?"