सुईणबाईंच्या गाडीची डावी बाजू

“आधी बांधायचं, मग कापायचं. आणि घाई असेल तर दोनदा बांधायचं.”

सासऱ्यांचे हे शब्द वहिनीच्या कानात असे मुरले होते की हातात ग्राइंडर घेतला की आपोआप उमटायचे. मोतीबिंदूने डोळे अधू झाले तेव्हा सासऱ्यांनी थोरल्या सुनेला वेल्डिंग शिकवलं. थोरला मुलगा बोटीवर, वर्षातले दहा महिने इंजिनापाशी. धाकटा हुशार, पण उतावळा. “हिचा हात थरथरत नाही,” एवढंच कारण त्यांनी लोकांना दिलं. लोक हसले. पुढे सासरे गेले. हसणारे मात्र होते तिथेच राहिले, आणि गॅरेजातलं पत्राकाम वहिनीच करत राहिली. गिऱ्हाइकंसुद्धा तिला वहिनीच म्हणत.

तर त्या महिन्यात सुईणबाईंची गाडी आली. फिकट निळी, गोल दिव्यांची, पन्नाशी उलटलेली. तिच्यातून बाई चाळीस वर्षं अडलेल्या बायकांकडे धावल्या होत्या. चार पोरांना तर धीर निघाला नाही, ती मागच्या सीटवरच जन्मली. तपासणीच्या साहेबांनी गाडीखाली वाकून लांब स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. शेरा पडला: महिनाअखेरपर्यंत दुरुस्ती, नाहीतर भंगार.

या गाडीला वेगळी चासी नव्हती. अंग हाच तिचा सांगाडा. पोटाखालून दोन पोकळ रेल गेलेल्या, एक उजवी, एक डावी. सगळा भार त्यांच्यावर. पोकळीत पाणी शिरलं की बाहेर पडत नाही, आणि गंज आतून खात जातो. बाहेरून सगळं ठणठणीत.

“वहिनी, वरून पट्टी मारू आणि काळं डांबर फासू,” धाकटा दीर म्हणाला. “साहेब काय, दोनदा ठोकतील आणि सही करतील.”

“वरून कीर्तन, आतून तमाशा,” वहिनी म्हणाली. “आणि उद्या खड्ड्यात गाडी दुमडली तर सही आडवी येणार आहे का?”

बाई दाराशी काठी टेकून उभ्या होत्या. “मेली असेल तर तोंडावर सांगा,” त्या म्हणाल्या. “मलमपट्टी करून माझ्या गळ्यात मारू नका. जगली, तर मरेपर्यंत मीच चालवणार. लोकांनी मला हाताला धरून कुठे न्यायचं, हे मला जमायचं नाही.” मग दिराकडे बघून, “याला मीच काढला. पायाळू! तेव्हा उलटा आला, अजून उलटाच चालतो.”

दीर कसनुसा हसला. वहिनीने पदर खोचला.

उजवी बाजू आधी घेतली. दाराच्या चौकटीत दोन आडवे पाइप जोडून ती जखडली, खाली टेकू दिले, आणि मगच गंजलेली रेल कापली. आतून पोतंभर लाल भुगा पडला. नवा पत्रा वाकवून तिने रेल घडवली आणि टाक्याटाक्याने, प्रत्येक टाका थंड होऊ देत, बसवली. काम झाल्यावर दाराच्या वरच्या फटीत दोन नाणी एकावर एक ठेवून फिरवली. टोकापासून टोकापर्यंत सारखी फिरली.

“केसभर हलली नाही!” दीर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वहिनी डाव्या रेलसाठी पत्रा आणायला गेली. परत आली तर दीर गाडीशेजारी उभा, हातात ग्राइंडर, तोंडचं पाणी पळालेलं. डावी रेल खाली पडली होती. पाइप अजून उजव्या दारातच होते.

“मला वाटलं दोन दिवस वाचतील,” तो पुटपुटला. “उजवी कापली तेव्हा हलली नाही, म्हटलं मग कशाला बांधा...”

“बांधली होती म्हणून हलली नाही, भावोजी.”

वहिनीने नाणी काढली. दोन सोडाच, एकही जाईना. एका बोटाने लागणारं डावं दार आता कमरेने ढकललं तरी लागत नव्हतं. गाडी पोटातून खचली होती, छताच्या सांध्यापाशी रंगाला सुरकुती पडली होती.

“संपलं,” दीर म्हणाला. “बाईंना सांगू, गंजच फार निघाला. त्या काय खाली वाकून बघणार आहेत?”

वहिनीचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. “खचलीय. मेली नाही. आणि मी जिवंत गाडीला मेली म्हणणार नाही.”

बातमीला पाय फुटले. समोरच्या नव्या गॅरेजचा मालक खिशात हात घालून बघायला आला. “वहिनी, हट्ट सोडा. लोखंड एकदा बसलं की बसलं. ते कुणाचं ऐकत नाही.”

“नसेल ऐकत,” वहिनी म्हणाली. “मी तरी त्याचं का ऐकू?”

दुसऱ्या सकाळपासून तिने नेम धरला. आंघोळ, प्रार्थना, आणि तोंडात पाणी घेण्याआधी गाडीपाशी. पोटाखाली लाकडी ओंडका, ओंडक्याखाली जॅक. जॅकला फक्त पाव फेरी. मग डाव्या चौकटीत आणलेला पाइप तेवढाच सरकवून पक्का करायचा आणि उठायचं.

“पाव फेरीने काय होणार?” दीर चिडला. “एका दमात उचला की!”

“एका दमात उचललं तर छताचा सांधा फाटेल. खचायला तिला क्षण लागला, म्हणून उठायलाही क्षणच द्यायचा? दिवसभर अंगात मुरू दे.”

चौथ्या दिवशी फटीत कागद गेला. सहाव्या दिवशी एक नाणं, तेही अडखळत. सातव्या दिवशी काठी टेकत बाईच आल्या.

“आठवड्यात होणार होतं,” त्यांनी जॅककडे बघितलं. “हे काय?”

दीर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला.

“बाई, आमच्याकडून चूक झाली,” वहिनी म्हणाली. “कशी झाली ते ज्याचं त्याने सांगावं. गाडी उभी राहील, एवढं मी सांगते.”

बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “पोर कुणाचं, हे मी जन्मात कुणाला विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण आईने आपणहून सांगितलं की मला बरं वाटायचं.” आणि गेल्या.

“तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?” दिराने विचारलं.

“तुम्हाला तोंड आहे ना?”

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, “साहेबांच्या सहीचा कागद हातात पडू दे. त्याच दिवशी बाईंना जाऊन सांगतो. शब्द.”

अकराव्या सकाळी दोन्ही नाणी फिरली. त्या दिवसापासून दीर पाइप धरायला बसला, आणि बांधल्याशिवाय त्याने काहीच कापलं नाही. दोरासुद्धा गाठ बघून कापायचा, असं वहिनी हसून म्हणाली. महिना संपायला दोन दिवस असताना डावी रेल जागेवर बसली.

साहेब आले. खाली वाकले. “काळा रंग नाही मारला?”

“काळ्याखाली काहीही दडतं, साहेब. तुम्ही बघून घ्या, मग मारते.”

“हे टाके कुणी घातले?”

“मी.”

“तुम्ही?” साहेबांच्या भुवया चढल्या. “बायकांचे टाके पोलक्याला ठीक.”

वहिनीने त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर हलकेच काढून घेतला आणि हातोडा दिला. “याने बघा. हवं तिथे, हवं तितक्या जोराने.”

साहेबांनी उजवीकडे ठोकलं, डावीकडे ठोकलं, सांध्यावर तर दात ओठ खाऊन ठोकलं. रेल खणखणली. लाल भुगा पडला नाही. डावं दार उघडून सोडलं. ते आपलं आपण टक करून लागलं. साहेबांनी हातोडा ठेवला आणि सही केली.

ते गेल्यावर वहिनी रंगाचा डबा घेऊन गाडीखाली सरकली. तिथून तिला फक्त दिराचे पाय दिसत होते. ते नळापाशी गेले, बराच वेळ तिथे थांबले. साबणाचा फेस दोनदा वाहत आला.

“स्कूटर घेऊन जा,” ती खालूनच म्हणाली.

“नको. चालत जातो. सुरुवात कशी करायची ते तोवर सुचेल.”

पाय दारापर्यंत गेले, उंबऱ्याशी घुटमळले, आणि मग बाईंच्या घराच्या दिशेने वळले.