मोज्याचं मेंढरू आणि चहापानाची खोली

मी मेंढरू बोलतोय. खरं तर मी मोजा. चर्चमध्ये मुलांचे आणि तरुणांचे वर्ग घेणाऱ्या ताईनं नवऱ्याचा लोकरी मोजा उचलला, त्याला बटणांचे डोळे शिवले आणि माझा जन्म झाला. आता एका पायालाच थंडी वाजणार, एवढंच नवरा म्हणाला.

ताईला हे काम कसं मिळालं? ज्या सभेत नेमणूक झाली, त्या सभेला ती गेली नव्हती. सेवेचं बोलावणं बहुधा असंच येतं.

ती मला हातात घालून बारीक आवाज काढते आणि मुलं मला काहीही विचारतात. मेलेलं मांजर स्वर्गात जातं का? बाबा प्रार्थनेत घोरतात, ते देवाला ऐकू जातं का? ताईला मात्र पाणी प्यायला जाऊ का, एवढंच विचारतात.

मुलं म्हणजे आपलं भविष्य, असं मोठी माणसं दरवर्षी व्यासपीठावरून सांगतात. मग भविष्याला सतरंजीवर बसवून स्वतः खुर्च्या घेतात. तरुणांची खोली तर त्या खुर्च्या ठेवायलाच गेली. तरुण जिन्याखाली बसू लागले आणि हळूहळू यायचेच बंद झाले.

मागे एका सभेत खजिनदारकाकांनी मुलांची खोली चहापानासाठी मागितली. मुलं काय, कुठंही बसतील, म्हणाले. ताई वर्गातून तशीच आली होती, मी हातातच. तिची मान सवयीनं होकारार्थी हलू लागली आणि माझं तोंड उघडलं.

"काका, तरुणही कुठंही बसणार होते. आता कुठं बसतात, ठाऊक आहे?"

पाळकसाहेब चष्मा पुसू लागले. काका माझ्याशी तावातावानं भांडू लागले. ताईकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मोज्याशी वाद घालताना एकाही शहाण्या माणसाला अवघडल्यासारखं झालं नाही. शेवटी ठरलं, खोली मुलांकडेच राहील, पण यापुढे सभेत मेंढरू आणायचं नाही.

सभा संपल्यावर ताई मला खिडकीत ठेवून कप विसळायला गेली. काका आले. इकडेतिकडे पाहून माझ्यासमोर वाकले.

"आमचा पोरगा का येत नाही रे इथं?"

माझ्यात हातच नव्हता, मी काय बोलणार?

आता लोकर विरलीय, एक डोळा लोंबतोय. काका मात्र अजून येता-जाता माझ्या तोंडाकडे बघत थांबतात. अहो काका, मोज्याला काय विचारता? पोरगा घरीच आहे. त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा.