टेप ताणलेली नव्हती

मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, ती मापाची. कडा विरल्यात, सुरुवातीचे आकडे बोटं लागून लागून पुसट झालेत. पण मित्रांनो, मापाला मी कधी खोटी ठरले नाही. तरीही माझ्यावर आळ आला. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

कारखान्यात कापडाच्या पट्टीवर आकडे छापून मला तयार केलं आणि थोड्याच दिवसांत मी मास्तरांच्या गळ्यात पडले, ती कायमची. सगळी गिऱ्हाइकं त्यांना मास्तरच म्हणतात. शाळेचे गणवेश, दवाखान्यातले पांढरे कोट, ऑफिसच्या पँटी, सगळ्यांसाठी मी राबले. माप देताना पोट आत ओढणारे किती पाहिले म्हणून सांगू! "मास्तरांच्या मापाला तोड नाही," असं लोक म्हणत. माझं नाव कोणी घेत नसे. चालायचंच.

दुकानामागच्या खोलीत मास्तरांचा संसार होता. त्यांची लेक चिमी शाळेच्या वरच्या वर्गात होती. अंगानं लहानखुरी, पण व्हॉलीबॉल म्हणजे तिचा जीव की प्राण. रोज पहाटे सरावाला जायची. संघातल्या बाकीच्या मुली ताडमाड. त्यांच्यात लेकीला उभी पाहून मास्तरांच्या जिवाला घोर लागला. ही संघात टिकणार कशी? अशातच चिमीची आत्या राहायला आली.

"दादा, अरे पोरं वाढतात ती झोपेत. तू हिला पहाटे उठवून पळवतोस, मग वाढायची कधी?"

झालं! मास्तरांना तेवढंच निमित्त पुरलं. त्याच संध्याकाळी त्यांनी चिमीला दाराच्या चौकटीला टेकवून मला टाचेपासून डोक्यापर्यंत धरलं आणि आकडा पाठ करून ठेवला. पहाटेचा सराव बंद!

"उंच झालीस की खुशाल जा," ते म्हणाले.

चिमी रडली, रुसली, शेवटी गप्प झाली. पहाटे डोळे टक्क उघडे ठेवून अंथरुणात पडून राहायची. खरं तर तिच्या झोपेचं खोबरं करत होतं ते मास्तरांचंच शिलाई मशीन. उशिरापर्यंत त्याचा खडखडाट, आणि दिव्याचा उजेड थेट तिच्या तोंडावर. ते कोणाला दिसलं नाही. मला तोंड असतं तर सुनावलं असतं.

काही दिवसांनी, एका सकाळी ती उठल्या उठल्या मास्तरांनी पुन्हा माप घेतलं. आकडा अर्ध्या बोटानं वर! दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला त्यांनी ही बातमी ऐकवली. संध्याकाळी आत्याला दाखवायला म्हणून पुन्हा मोजलं, तर आकडा होता तिथंच.

"टेप ताणली गेलीय," मास्तर म्हणाले.

अहो, ताणलेली टेप सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरंच कसं सांगेल? इतकी वर्षं ज्यांच्या गळ्यात राहिले, त्यांनीच मला खिळ्याला टांगलं. नवी कोरी टेप आणली. तिनंही सकाळ-संध्याकाळ अगदी माझ्यासारखंच सांगितलं. मला बाई गंमत वाटली, पण ऐकतंय कोण? चार-पाच महिने हाच खेळ चालला. चिमीचा खेळ मात्र बंदच.

मग एकदा दवाखान्यातल्या सिस्टर कोटाचं माप द्यायला आल्या. मास्तरांचं गाऱ्हाणं ऐकून त्या हसल्याच.

"मास्तर, सकाळी आपण सगळेच जरा उंच असतो. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या गाद्या दबतात, रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात."

"म्हणजे झोपेनं उंची वाढत नाही?"

"वाढत्या वयात झोप हवीच हो. पण जास्त झोपवलं म्हणून जास्त उंची मिळते, असं नाही. उंची बरीचशी आईबापांकडून येते. आता तुमच्याकडे बघा, वहिनींकडे बघा. लवकर झोपवायचं की तिला! सराव कशाला बंद केलात?"

मास्तरांनी कोटाचं माप वहीत उतरवून घेतलं.

त्याच आठवड्यात संघाच्या बाई मुलींना घेऊन दुकानात आल्या. सामन्यांसाठी नवे पोशाख शिवायचे होते. मास्तर चाचरत म्हणाले, "बाई, चिमीला उद्यापासून पाठवतो. उंची कमी पडेल म्हणून मीच थांबवली होती."

"उंचीचं कोण बोललं? उंच मुली पुढे आहेतच. मागं राहून पडता चेंडू उचलायला मला चिमीसारखीच चपळ पोरगी हवी होती. यायची बंद झाली, वाटलं तिचं मन उडालं. आता संघ ठरला, मास्तर."

बाईंनी एका लहानखुऱ्या मुलीला पुढे केलं. तीच आता चिमीच्या जागी खेळणार होती.

नवी टेप गळ्यात असूनही मास्तरांनी जुन्या सवयीनं मला खिळ्यावरून काढलं. त्या मुलीच्या खांद्यावर धरलं. मागच्या दारात चिमी उभी होती.

"बाबा, खांद्यात जरा सैल ठेवा," ती म्हणाली, "चेंडूखाली हात घालताना ओढतं."

मास्तरांना आकडा बोलवेना. चिमीनंच पुढे येऊन तो वाचला.

मित्रांनो, वेळेवर झोपा, गाढ झोपा, अंग ताजं राहील. आणि तुमच्या आईबाबांना माझा एवढा निरोप द्या. मला हवं तितक्या वेळा पोरांच्या डोक्याला लावा, मी खरं तेच सांगेन. पण कुठं कमी पडतंय, ते आधी पोरांना विचारा. झोप कशानं मोडते, संघात आपली जागा कुठली, चिमीला सगळं ठाऊक होतं. तिला कोणी विचारलंच नाही.