विषय नसलेली फळी

नंबरकाकांना पुस्तकाचं नाव सांगितलेलं चालत नसे. वाचक काउंटरशी येऊन काही पुटपुटला, की चष्म्यावरून बघत ते एवढंच विचारायचे, "क्रमांक?" मग वाचकाने निमूटपणे कार्डांच्या खणाकडे जायचं, पुस्तकाचं कार्ड शोधायचं आणि त्यावरचा क्रमांक टिपून आणायचा. तो मिळाला, की काका आत जाऊन चुटकीसरशी पुस्तक काढून आणत. लोकांनी चेष्टेने ठेवलेलं हे नाव काकांनी मात्र पदवीसारखं मिरवलं.

ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचीच सून आली. सुरुवातीला काकांचा आनंद गगनात मावेना. पण सुनेने आल्या आल्या जाळीचं दार काढून सगळी कपाटं वाचकांना मोकळी केली. कार्डांचे खण हलवून सगळी नोंद संगणकात घातली. कुणाला अर्ज भरून दे, कुणाला फोनवरची बातमी खरी की खोटी ते कसं ओळखायचं हे शिकव, असले उद्योगही मागे लावून घेतले. काका जेवताना धुसफुसायचे, "ग्रंथपाल आहेस का गावची मदतनीस?" सून हसून म्हणायची, "दोन्ही, बाबा. आमटी वाढू?" मुलगा दोघांच्या मध्ये बसून खाली मान घालून जेवायचा. शहाणा होता.

घरी काकांना वेळ जाता जात नव्हता. बायको गेल्यापासून तर त्यांनी घरच वर्गवार लावायला घेतलं होतं. रुमाल वेगळे, औषधं वेगळी, चाव्या वेगळ्या. ती असती तर तिने विचारलं असतं, "आणि मला कुठल्या विषयात ठेवलंय?" आता विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून ते लावतच सुटले होते.

अशात एक दिवस सून म्हणाली, "उद्या वाचनालय तपासायला नगरपालिकेची समिती येणार आहे, बाबा. काम पटलं तर वाचनालयाचा हॉल आपल्याकडे राहील. नाहीतर तिथे नगरपालिकेच्या जुन्या फायली भरणार आहेत." एवढं सांगून ती नवऱ्याबरोबर माहेरी गेली. सुट्टीचा दिवस होता. काकांच्या जिवाला चैन पडेना. जुनी किल्ली अजून त्यांच्याकडेच होती. एक नजर टाकून येऊ, म्हणून ते गेले.

खिडकीजवळच्या रॅकसमोर येताच त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फळ्यांवर विषय नव्हते, क्रमांक नव्हते, नुसत्या पाट्या होत्या: 'झोप येत नाही'. 'नोकरी गेली'. 'घरात बाळ येणार'. शेवटची होती 'घरातलं माणूस गेल्यावर', आणि तिच्यावर कवितेला खेटून घराची कागदपत्रं नावावर करण्याचं कायद्याचं पुस्तक, आणि त्याला खेटून एकट्यापुरत्या स्वयंपाकाचं! मरण आणि फोडणी एका फळीवर! जागा चुकलेलं पुस्तक हे हरवलेलं पुस्तक, हे त्यांनीच सुनेला शिकवलं होतं. हा गोंधळ बघून समिती हॉल काढून घेणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. बाह्या सरसावून त्यांनी एकेक पुस्तक आपापल्या क्रमांकाच्या जागी नेऊन ठेवलं आणि पाट्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या. सुनेची लाज राखली, या समाधानात त्या दुपारी त्यांना कधी नव्हे ती गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम कौतुक ऐकायला गेले. सून रिकाम्या रॅकसमोर उभी होती. तिने काकांकडे पाहिलं आणि काय झालं ते तिला न सांगता कळलं. ती काही बोलणार तोच समिती दारात आली.

अध्यक्षबाई मोठ्या करड्या. त्यांनी कपाटांवरून बोट फिरवलं, क्रमांक तपासले आणि चक्क हसल्या. "इतकी शिस्त मी कुठे पाहिली नाही. हॉल तुमच्याकडेच राहील." काकांची छाती फुगली. सुनेने नुसती मान डोलावली. सासऱ्यांना चारचौघांत खाली पाहायला लावणं तिला जमलं नसतं.

तेवढ्यात गल्लीतले शिंपी आले, गळ्यात टेप तशीच. त्यांची बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते. ते थेट खिडकीजवळ गेले, रिकाम्या रॅकसमोर थबकले.

"काय हवंय?" काकांनी तत्परतेने विचारलं. "विषय सांगा, आत्ता काढून देतो."

शिंप्यांनी समितीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "काही नाही. सहज आलो होतो," असं म्हणून ते परत फिरले.

काकांच्या आत्ता लक्षात आलं. चारचौघांत त्या माणसाने काय सांगायचं होतं? रात्री एकट्यासाठी चूल पेटवता येत नाही, हे? त्याला कोणता क्रमांक असतो?

"थांबा," ते शिंप्यांना म्हणाले. मग जवळजवळ पळतच सुटले. या कपाटातून कविता, त्या कोपऱ्यातून कायदा, पार मागून स्वयंपाक. सगळ्यांचे क्रमांक तोंडपाठ होते, म्हणून वेळ लागला नाही. पुस्तकं शेवटच्या फळीवर ठेवून, शिंप्यांना न लाजता ती बघता यावीत म्हणून ते त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि अध्यक्षबाईंना म्हणाले, "बाई, ही फळी सुनेची होती. मी मूर्खासारखी मोडली. तिचंच बरोबर होतं. हॉल द्यायचा तर हे बघून द्या, नाहीतर देऊ नका."

सुनेने टोपलीतल्या पाट्या काढून टेबलावर मांडल्या. अध्यक्षबाईंनी त्या वाचल्या, एक उचलली आणि आवाज खाली आणून विचारलं, "या 'नोकरी गेली'वर काय काय असायचं? माझ्या भावासाठी विचारतेय." मग घसा खाकरून मोठ्याने म्हणाल्या, "हॉल दिला म्हटलं ना एकदा!"

समिती गेली. शिंपीही गेले, स्वयंपाकाचं पुस्तक बगलेत मारून. सासरा आणि सून उरलेली पुस्तकं पुन्हा फळ्यांवर लावायला लागले.

"चुकलं माझं," काका म्हणाले.

"बाबा, मी पहिली फळी हीच लावली होती. कुणासाठी, माहितीये?" सुनेने त्यांच्याकडे न बघता विचारलं.

काकांच्या हातात कवितेचं पुस्तक होतं. ते बराच वेळ त्याच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिले. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

"मग सांगायचं नाही का मला, वेडे?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही क्रमांक विचारला असता."