मधलं वाक्य

माणसं नोकरीवर ठेवणं कुणालाही जमतं. काढणं आमच्या मालकांना बापजन्मात जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी मनुष्यबळ विभाग उघडला. विभाग म्हणजे काय, तर माझ्या हिशेबाच्या टेबलामागे प्लायवूडची एक भिंत, भिंतीपलीकडे दोन खुर्च्या आणि त्यातल्या एका खुर्चीत एक पोरगी. जाहिरातीत मागितलं होतं: गोड वाणी, संयम आणि ऐकून घेण्याची सवय. पोरीकडे तिन्ही उतू जात होती. आम्ही तिला साखर म्हणायचो. प्लायवूड पातळ आणि माझे कान देवदयेने शाबूत, त्यामुळे पुढचं सगळं अगदी पहिल्या धारेचं आहे.

आमचा कारखाना गाद्यांचा. गोदामाच्या प्रमुखाला आम्ही भोंगा म्हणतो, कारण तो बोलतच नाही, वाजतो. गादी तिरकी ठेवली तरी वाजतो, सरळ ठेवली तर उशीर का केला म्हणून वाजतो. हमाल टिकेनात. आलेला माणूस जेवणाच्या सुट्टीत जायचा तो परतच यायचा नाही. शेवटी मालकांनी भोंग्याला काढायचं ठरवलं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? त्यांनी साखरेला बोलावलं. म्हणाले, आज त्याला सांगून टाक, म्हणजे संध्याकाळी तुझी नोकरी कायम. आणि स्वतः टायर बघायला म्हणून गाडीखाली जाऊन बसले.

पोरीने तयारी केली ती मात्र खरी. सकाळभर गोदामात फिरून भोंग्याबद्दल दहा जणांना विचारून आली. ती एक पद्धत शिकली होती: आधी चांगलं बोलायचं, मधे वाईट सांगायचं, शेवटी पुन्हा चांगलं. माणूस कडू गोळी केळ्यात घालून गिळतो, तसं.

भोंगा आत येऊन बसला आणि साखर सुरू झाली. म्हणाली, काका, तुमच्या गोदामातून आजवर एकही गादी ओली बाहेर गेली नाही. म्हणाली, हमालाच्या पायावर गठ्ठा पडला तेव्हा गाडीची वाट न बघता तुम्ही त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात धावलात. म्हणाली, नव्या माणसाचं नाव तुम्ही पहिल्याच दिवशी पाठ करता. भिंतीच्या अलीकडे माझा पेन थांबला. भोंग्याबद्दल हे मला ठाऊकच नव्हतं. आणि पोरगी थांबेना. वाईट वाक्य तोंडाशी आलं की तिला दया यायची आणि आणखी एक चांगलं सापडायचं. तिने त्याला हरभऱ्याच्या झाडावर इतकं उंच चढवलं की वरून त्याला तीच दिसेनाशी झाली.

आता हेही सांगायला हवं की कारखान्याच्या व्यवस्थापकाची जागा महिनाभर रिकामी होती. साखर श्वास घेऊन "पण काका" म्हणाली, तोवर भोंगा उठून उभा राहिला होता. डोळे पुसत म्हणाला, कळलं मला, तुम्ही पुढे काही बोलू नका, नाहीतर मी रडेन. आणि गेला की धावत.

साखर माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक.

"मावशी, मधलं वाक्य राहिलं."

"मग जा आणि सांग," मी म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं, हे मी लपवत नाही.

पण भोंगा सापडतोय कुठे? तो आनंदाने चौखूर उधळला होता. बढती मिळाली म्हणून बायकोला फोन झाला, मेहुणीला झाला, केक सांगून झाला. मग त्याने गोदामात जाऊन एकेका हमालाला पाठ कशी आहे विचारलं. एकाने हातातला गठ्ठा घाबरून खाली टाकला. भोंग्याने तो उचलून दिला, आणि वर चहा पाजला. चारचा ट्रक साडेतीनलाच भरून निघाला. टायर बघून परतणाऱ्या मालकांना त्याने दारातच गाठलं आणि तोंडात केक कोंबला. मालक काय बोलणार? भरल्या तोंडाने "अभिनंदन" म्हणाले आणि साखरेकडे असं पाहिलं, जणू केक तिनेच कोंबला होता.

आमच्याकडे बढतीची एक रीत आहे. ज्याला बढती मिळते त्याने तपासणीच्या खोलीत, मोजे घालून, त्या दिवशी बनलेल्या गादीवर उडी मारायची. चार जणांनी कोपरे धरायचे, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. भोंग्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. फोन ऐकून धावत आलेली बायको ते बघून लाजली आणि तिच्याबरोबर आलेली मेहुणी फोटो काढायला लागली. एक कोपरा माझ्याकडे होता. भोंगा चढला, डुगडुगला, हात पसरून उभा राहिला.

आणि साखरेने चपला काढल्या आणि गादीवर चढली.

लोकांना वाटलं, पोरगी खुशीत आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. गादी नव्या स्प्रिंगची. एक खाली गेला की दुसरी वर जायची. तशा वरखाली होताना ती बोलली. आवाज हळू, पण शब्द एकही गिळला नाही.

"काका, बढती नाही. तुम्हाला कामावरून काढलंय. तुम्ही माणसांवर ओरडता, म्हणून ती टिकत नाहीत. हे मी मघाशीच सांगायला हवं होतं."

भोंगा खाली गेला, वर आला. तोंड उघडं होतं, पण वाजलं नाही.

"ते आधीचं सांगितलंत," तो म्हणाला, "ते तरी खरं होतं का?"

"अक्षर न् अक्षर. दहा जणांना विचारून आणलंय."

"मला कुणीच सांगितलं नव्हतं कधी."

"तुमच्या आवाजापुढे सांगणार कोण?"

मी कोपरा घट्ट धरला, कारण मला रडू येत होतं आणि रुमाल टेबलावर राहिला होता. भोंग्याने हात वर करून टाळ्या थांबवल्या. एवढ्या वर्षांत त्याचा साधा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. म्हणाला, ही बढती नाही, मला काढलंय, तुमच्यावर ओरडलो त्यासाठी. केक मात्र खाऊन घ्या.

बायकोने पर्स छातीशी धरली. मग ज्याच्या हातून दुपारी गठ्ठा पडला होता तो हमाल मालकांकडे वळला. म्हणाला, साहेब, दुपारसारखे रोज वागणार असतील, तर आम्हाला हेच हवेत. मागून दोघेतिघे हो म्हणाले. मालकांनी सवयीने साखरेकडे बघितलं. ती गादीवरून म्हणाली, या वेळी तुम्ही बोला. तेव्हा मालक घसा खाकरून, आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतः बोलले. एक महिना बघू. ओरडलात तर मी स्वतः येऊन सांगेन.

"चढलाच आहात काका, तर मारा आता उडी," हमाल म्हणाला. भोंग्याने मारली. साखर उडून मेहुणीच्या अंगावर पडली. फोटो फारच छान आलाय.

संध्याकाळी मालक प्लायवूडपलीकडे जाऊन बसले. मी पेन खाली ठेवला. मालकांनी सुरुवात केली. मुली, तू फार हुशार आहेस. मेहनती आहेस. लोकांचं मनापासून ऐकतेस. आज तू जे धाडस दाखवलंस...

"साहेब," साखर म्हणाली, "मधलं आधी सांगा."

भिंतीपलीकडे मालकांची खुर्ची करकरली. मग मालक म्हणाले, "मधलं काही नाहीये गं. कायम."